साठाच्या आतली नाडी

“भीती वाटते का, बाबा?”

केशरगिरी बाबांनी छताकडे पाहिलं. पांढरं छत, पांढरा दिवा. बघण्यासारखं काही नव्हतं, तरी ते बराच वेळ बघत राहिले.

“कुणाला?”

“तुम्हाला.”

“मला काय माहीत… डॉक्टर तू.”

उद्धव नागरगोजे हसला. हसताना त्याचा उजवा पाय हलत होता. तो उभा असला की टाच हलायची, बसला की गुडघा. बायको म्हणायची, तुमच्या पायाला शिलाई मशीन जोडलं तर घर चालेल.

उद्धव भूलतज्ज्ञ होता. तालुक्यातले सगळे दवाखाने त्याच्या फोनवर चालायचे. एकीकडचं ऑपरेशन संपायच्या आत दुसरीकडून बोलावणं यायचं. दिवसभर माणसांना झोपवायचं, आणि स्वतः मात्र चुलीवरचं दूध तापेपर्यंतही एका जागी बसायचं नाही, असा त्याचा पिंड.

म्हणून तर तो बाबांकडे जाऊ लागला होता.

बोरगडच्या टेकडीवर गोसाव्यांचा जुना मठ आहे. महादेवाचं देऊळ, एक आड, चार कडुलिंब आणि केशरगिरी बाबा. वर चढून येणाऱ्याला बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला.

“पाणी प्यालास का?”

आमदार येवो नाहीतर शेरडं वळणारा. तांब्या पुढे. पाणी पोटात गेल्याशिवाय दुसरा शब्द नाही.

उद्धव दर वेळी म्हणायचा, “प्यायलो, बाबा.”

खाली प्यायलो, गाडीत प्यायलो, काहीही सांगायचा. त्याला पाणी नको होतं. त्याला मंत्र हवा होता.

“मंत्र द्या ना, बाबा. मन थाऱ्यावर येत नाही.”

“आधी पाणी पी.”

“प्यायलो म्हटलं ना.”

“मग बस.”

तो बसायचा. गुडघा हलायचा. फोन वाजायचा. तो उठायचा.

वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. मंत्र काही मिळाला नव्हता. पण मंत्राहून मोठी गोष्ट मिळाली, असं उद्धव मानायचा. आणि ती गोष्ट त्यानं गावभर सांगितली होती.

ती अशी. एका उन्हाळ्यात देवळाच्या शिखरावरचं आग्या मोहोळ उठलं. दर्शनाला आलेली माणसं चपला टाकून टेकडी उतरली. उद्धव धावता धावता बाबांच्या कांबळ्याखाली शिरला. बाहेर माश्यांचा घोंघाट, आत अंधार आणि लोकरीचा वास. त्याचं स्वतःचं काळीज तोंडाशी आलं होतं. सवयीनं त्याचा हात बाबांच्या मनगटावर गेला.

नाडी साठाच्या आत होती.

“मरण डोक्यावर घोंघावतंय आणि माणसाची नाडी साठाच्या आत!” तो ज्याला त्याला सांगायचा. “आम्ही गोळ्या-इंजेक्शनांनी जे करतो ना, ते यांनी बसल्या जागी केलंय.”

बाबांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “त्या दिवशी ताक झालं होतं भरपूर. मला झोप लागली होती.”

लोक हसले. उद्धवनं हात जोडले. केवढी ही विनम्रता, त्याला वाटलं.

आता तेच बाबा त्याच्यासमोर टेबलावर होते. गेले काही महिने त्यांचा घास अडकत होता. भाकरी सुटली, मग भात सुटला. शेवटी उद्धवनंच गाडी पाठवून त्यांना खाली आणलं. घशातून दुर्बीण घालून बघायचं ठरलं होतं. दुर्बीण घालणार होते डॉक्टर शिरसाट, उद्धवचे जुने मित्र. देवाधर्माशी त्यांचं फारसं सख्य नव्हतं. उद्धवनं फक्त गुंगीचं औषध द्यायचं आणि यंत्रावर लक्ष ठेवायचं.

बाबांचा तांब्या त्यांच्याबरोबर आला होता. कोपऱ्यातल्या स्टुलावर तो भरलेला उभा होता.

आल्या आल्या बाबांनी विचारलं होतं, “पाणी प्यालास का?”

“प्यायलो, बाबा.”

सकाळपासून तो दोन दवाखाने फिरून आला होता. पाण्याचा थेंब तोंडात गेला नव्हता.

मग त्यानं त्यांना विचारलं. ते विचारावंच लागतं. दुर्बीण घालायची तर पोट रिकामं हवं.

“रात्रीपासून काही खाल्लं-प्यायलं नाही ना?”

“काल पहाटेपासून नाही.”

“पाणीसुद्धा?”

“महाशिवरात्र होती रे काल.”

उद्धवनं मान तुकवली. बाबांचा उपास निर्जळी असतो, हे त्याला ठाऊक होतं. आज सकाळी पारणं व्हायचं, तेही या तपासणीपायी राहिलं होतं. या वयात! तो सिस्टर पठाणांकडे वळला.

“बघा सिस्टर. निर्जळी. काल पहाटेपासून.”

“या अल्ला,” सिस्टर म्हणाल्या.

उद्धवला ते कौतुकच वाटलं.

सिस्टरनी हाताला सुई लावली. शीर लवकर सापडेना. दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला. बोटाला नाडी मोजायचा चिमटा अडकवला. यंत्र सुरू झालं.

टिक-टिक-टिक-टिक-टिक…

उद्धवनं आकडा बघितला. चिमटा नीट बसला नसेल, म्हणून काढून दुसऱ्या बोटाला लावला.

एकशे चोवीस.

“काय हो नागरगोजे,” शिरसाट हातमोजे चढवत म्हणाले, “साठ म्हणत होतात ना?”

उद्धवनं चिमटा पुन्हा दाबून बघितला.

“का साठ एका बाजूचे? दुसऱ्या बाजूचे वेगळे?”

सिस्टर पठाणांनी हसू दाबलं.

तेव्हाच उद्धवनं तो प्रश्न विचारला. भीती वाटते का, बाबा? वाटत नाही, असं उत्तर त्याला हवं होतं. शिरसाटांच्या देखत हवं होतं.

आणि बाबा म्हणाले होते, डॉक्टर तू.

यंत्र धावतच होतं. टिक-टिक-टिक-टिक…

उद्धवनं पुन्हा आकडा बघितला. म्हणजे हेही आपल्यासारखेच? दुर्बिणीच्या नळीला भ्यायले? मग ते कांबळं, तो अंधार, ती साठाच्या आतली नाडी… ज्या एका माणसाकडे बघून आपण अजून उमेद धरून आहोत, तोही आतून असाच धावतोय?

“बाबा, डोळे मिटा. श्वासाकडे बघा.”

बाबांनी डोळे मिटले. जीभ ओठांवरून फिरवली. ओठांना पापुद्रे सुटले होते.

“नाव घ्या मनात.”

“घेतो.”

एकशे सव्वीस.

“नागरगोजे, द्या की थोडं औषध,” शिरसाट म्हणाले. “परीक्षा कसली घेताय म्हाताऱ्याची?”

उद्धवनं औषध दिलं. थोडंसं, वयाला शोभेल एवढं. पापण्या जड झाल्या. तोंडातल्या तोंडात चाललेलं नाव मंदावलं.

एकशे वीस. एकशे अठरा.

एवढं पुरे होतं. माणूस गुंगीत होता. काम सुरू करता आलं असतं.

“घेऊ का?” शिरसाटांनी विचारलं.

“थांबा.”

“झोपलेत की.”

“थांबा म्हटलं ना… अजून अस्वस्थ आहेत.”

कोण अस्वस्थ होतं, हे शिरसाटांनी विचारलं नाही. उद्धवची टाच फरशीवर टकटक करत होती.

त्यानं पुन्हा औषध दिलं. त्याच्या जोडीला दुसरं, वेदनेवरचं. एरवी इतक्या म्हाताऱ्या माणसाला तो ही दोन्ही एकापाठोपाठ देत नसे. आपल्या हाताखालच्यांना तर तो रागे भरायचा, म्हाताऱ्याला औषध चमच्यानं नाही, थेंबानं द्यावं म्हणून.

शंभर.

“आता,” तो पुटपुटला.

ब्याण्णव. चौऱ्याऐंशी.

टिक… टिक… टिक…

आवाज कसा मोकळा पडत गेला. उद्धवचे खांदे उतरले. त्याची टाच थांबली. कधी नव्हे ती थांबली. त्याला वाटलं, हे आपले बाबा. हेच. मघाचा कुणी दुसराच होता.

सत्तर.

“बघा शिरसाट,” तो हळूच म्हणाला.

शिरसाट बघत होते. पण आकड्याकडे नाही, बाबांच्या चेहऱ्याकडे.

“नागरगोजे… रंग बघा यांचा.”

तेवढ्यात दंडाचा पट्टा आपोआप फुगला. दर पाच मिनिटांनी तो फुगायचा. फुगला, सुटला. पुन्हा फुगला. त्याला दाब सापडत नव्हता. मग यंत्रानं लाल आकडा दाखवला आणि ते किंचाळायला लागलं.

वरचा दाब साठाच्या आत होता.

उद्धव क्षणभर नुसता बघत राहिला.

मग हात चालू लागले. बाबांचे पाय उंच धरले. सिस्टरनी सलाईनची बाटली टांगली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. ऑक्सिजन लावला. दाब चढवायचं औषध दिलं. गुंगीचा उतारा दिला.

“बाबा! बाबा, श्वास घ्या!”

हात गार. नखं जांभळी.

“बाबा, माझ्याकडे बघा!”

काही नाही.

हात करायचं ते करत होते. हातांना ते पाठ होतं. पण डोकं भलतंच काही बोलत होतं. ते कालच्या पहाटेपासूनचा हिशोब मांडत होतं. थेंबभर पाणी नाही. महिनोन्महिने धड अन्न नाही. अंगात रक्त वाहायलासुद्धा पाणी लागतं. ते आटलं, तेव्हा हृदय वेगानं धावायला लागलं. आहे तेवढंच रक्त पुन्हा पुन्हा फिरवून माणूस उभा धरायला. आणि आपण त्या हृदयाला म्हणालो, थांब. हळू चाल. जेवढ्या शिरा आवळून ते टिकून होतं, त्याही औषधानं सैल सोडल्या.

दुसरा कुणी असता, सोयगावचा कुणी सखाराम, कुणी शेवंताबाई, आणि म्हणाला असता, काल पहाटेपासून पाणी नाही… तर उद्धवनं आधी त्याच्या पोराला झापलं असतं. मग सलाईनची बाटली लावली असती. मगच औषधाला हात घातला असता. ही साधी गोष्ट तो झोपेतसुद्धा चुकला नसता.

बाबा होते म्हणून त्यानं मान तुकवली.

“चढतोय,” सिस्टर पठाण म्हणाल्या.

ऐंशी. पट्टा पुन्हा फुगला. नव्वद.

बाबांनी खोल श्वास घेतला. मग खोकले. नखांवर रंग येऊ लागला. दुसरी बाटली सुरू झाली.

“आज दुर्बीण नाही,” शिरसाट म्हणाले. त्यांनी हातमोजे काढून टाकले. थट्टा करावी असं त्यांना वाटत नव्हतं. “दोन दिवस ठेवून घेऊ. अंगात पाणी भरू दे. मग बघू घशाचं.”

उद्धवनं मान हलवली. पाठीला शर्ट चिकटला होता. तो बसला नाही.

यंत्र पुन्हा चालू लागलं होतं. शंभराच्या आसपास. मघाइतकं धावत नव्हतं, निजतही नव्हतं.

बाबांनी डोळे उघडले. पुन्हा तेच छत बघितलं.

“झालं?”

“नाही, बाबा.”

“मग?”

सिस्टर पठाण बाटलीकडे बघू लागल्या. शिरसाट भिंतीकडे.

“मी…” उद्धव टेबलाशी वाकला. “मी तुमची नाडी साठावर आणायला गेलो.”

बाबांनी विचार केला.

“आली का?”

“आली होती… जवळजवळ.”

“मग?”

“मग तुम्ही निघालात.”

“हं.”

बाबांना ते पटल्यासारखं दिसलं. कुणी रस्ता सांगावा आणि आपण तो ओळखावा, तसं.

“बाबा, मला एक सांगा. खरं सांगा. आधी तुमचं हृदय इतकं धावत होतं, ते पाणी नव्हतं म्हणून ना? भीती नव्हती ना ती?”

बाबांनी पुन्हा ओठांवरून जीभ फिरवली.

“का होती?”

बाबा छताकडे बघत होते.

“मला कळायला हवं, बाबा. मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलोय. तुमच्यात काही वेगळं नसेल, तर मी कशाच्या जोरावर… माझं मन तर एक क्षण…”

त्याची टाच पुन्हा हलायला लागली.

बाबांनी डावा हात उचलला. उजव्या हाताच्या बोटाचा चिमटा त्यांनी ओढून काढला.

यंत्र गोंधळलं. एक लांब सूर निघाला.

“बाबा, ते काढू नका,” सिस्टर पुढे झाल्या.

शिरसाटांनी त्यांना हातानं अडवलं.

बाबांनी उद्धवचा हात ओढून घेतला. लहान पोराचा घ्यावा तसा. चिमटा त्याच्या बोटाला लावायला त्यांना जमत नव्हतं. दोनदा निसटला. तिसऱ्यांदा बसला.

लांब सूर थांबला. थोडा वेळ यंत्रावर काहीच उमटलं नाही.

मग…

टिक-टिक-टिक-टिक-टिक-टिक-टिक…

खोलीत दुसरा आवाज नव्हता. उद्धवनं आकडा बघितला आणि नजर खाली वळवली. बघायचं नाही म्हटलं तरी ऐकू येत होतं. ते त्याचं होतं. सगळ्यांच्या देखत धावत होतं.

त्यानं हात सोडवायला बघितला. बाबांनी सोडला नाही.

ते ऐकत होते. डोळे अर्धे मिटलेले, मान किंचित कललेली. देवळाच्या ओट्यावर बसून खालच्या गावातला ढोल ऐकावा तसे. त्यांना घाई नव्हती. त्यांना त्यात वाईटही काही वाटलेलं दिसत नव्हतं.



मग बाबांनी मान वळवली. कोपऱ्यातल्या स्टुलावर तांब्या तसाच भरलेला होता.

त्यांनी उद्धवकडे बघितलं. टेकडी चढून नुकत्याच आलेल्या माणसाकडे बघावं, तसं.

“पाणी प्यालास का?”